प्लेगचा क्रूस व आमचीं तरुण मुलें

आपल्या देवळापासून खालीं उतरतांना, जेथें पाखाडीची वाट मोठ्या रस्त्यास मिळते, तेथें चौथऱ्यावर उभा असलेला दगडी क्रूस आपण सर्वांनीं पाहिला आहे. किंबहुना पाहिला आहे असें म्हणण्यापेक्षां त्याच्या बाजूनें आपण रोज जातों, इतकेंच म्हणणें अधिक खरें. मे महिन्यांत तेथें जपमाळ होते, चार मेणबत्त्या लागतात, कोणीतरी अबोलीचा हार घालतें. एरव्हीं त्या चौथऱ्यावर दूधवाल्याच्या बरण्या टेंकलेल्या असतात. चौथऱ्यावर कोरलेल्या सालाचे आंकडे पावसानें झिजले आहेत. जुनीं माणसें त्यास 'प्लेगचा क्रूस' म्हणत. मुंबई, वांद्रें व भोंवतालचीं गांवें यांत असे क्रूस पुष्कळ आहेत. १८९६ सालानंतरच्या भयंकर वर्षांत, कांहीं संकट टळावें म्हणून व कांहीं तें टळल्याच्या कृतज्ञतेनें, लोकांनीं ते उभारले.

ज्युबिलीच्या तयारीसाठीं भरलेल्या पहिल्याच सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं असा विचार मांडला कीं, धर्मग्रामाचा इतिहास केवळ धर्मगुरूंच्या नामावळींत व इमारतींच्या हिशेबांत सांपडत नाहीं. लोकांनीं सोसलेल्या संकटांतहि तो असतो, आणि तो तरुणांच्या हातीं दिला पाहिजे. त्यांतून तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठीं तीन दिवसांचा एक वर्ग ठरला. विषय होता 'सांथी'. रीत अशी कीं, मुलांनीं जुन्या काळची एक गल्ली स्वतः रंगवून उभी करावयाची, त्या काळच्या माणसांच्या भूमिका घ्यावयाच्या, आणि तीं माणसें होऊन त्या गल्लींत वागावयाचें. वर्ग चालविला चित्रकलेच्या एका अनुभवी शिक्षिकाबाईंनीं. मजकडे इतिहास सांगण्याचें व पडेल तें हातकाम करण्याचें काम आलें. सुमारें वीस मुलें जमलीं. त्या वर्गाची ही हकीकत आहे. परंतु मूळ इतिहास ठाऊक नसेल तर मुलांनीं काय केलें याचें मोल वाचकांस कळणार नाहीं, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतों.

सांथीची आठवण नाटकानें जागती ठेवणें ही कांहीं नवी कल्पना नव्हे. बव्हेरियांतील ओबरआमरगाउ या खेड्यांत १६३३ सालीं मरीनें थैमान घातलें, तेव्हां गांवकऱ्यांनीं नवस केला कीं, संकट टळल्यास दर दहा वर्षांनीं प्रभूच्या दुःखसहनाचें नाटक करूं. पहिला प्रयोग १६३४ सालीं झाला. गांवचींच माणसें, लेंकरांसह, तें नाटक आजवर करीत आलीं आहेत. २०२० सालीं व्हावयाचा प्रयोग एका नव्या सांथीमुळेंच पुढें ढकलावा लागला व तो २०२२ सालीं झाला. आमच्या लहानशा वर्गाची त्याशीं बरोबरी करण्याचा हेतु नाहीं. परंतु पूर्वजांनीं जें सोसलें तें केवळ डोक्यानें नव्हे तर अंगानें आठवावें, ही कल्पना दोहींकडे एकच.

आतां मूळ इतिहास. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत एका विचित्र तापाचे रोगी आढळूं लागले. जांघेंत किंवा काखेंत गांठ यावी, ताप चढावा, आणि थोड्याच दिवसांत माणूस जावा. हा गांठीचा प्लेग आहे असें प्रथम ओळखून स्पष्ट सांगणारे गृहस्थ म्हणजे डॉक्टर आकासियु गाब्रिएल व्हिएगस. ते गोव्यांतील हडफडें गांवीं १८५६ सालीं जन्मले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकले, आणि मांडवीच्या दाट वस्तींत वैद्यकी करीत होते. त्यांचें म्हणणें अनेकांस रुचलें नाहीं. व्यापाराच्या शहरांत 'प्लेग' हा शब्द उच्चारणें म्हणजे बंदर बंद करण्यासारखेंच होतें. परंतु पुढील तपासांत त्यांचें निदान खरें ठरलें. १९०६ सालीं ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले हिंदी ख्रिस्ती गृहस्थ. धोबीतलावापाशीं त्यांचा पुतळा आहे. आपल्यापैकीं किती जण त्यावरून रोज जातात, व किती जण तो कोणाचा हें सांगूं शकतील, हा प्रश्न मीं वर्गांत विचारला. एकहि हात वर झाला नाहीं.

रोगाचा जंतु १८९४ सालींच हाँगकाँग येथें अलेक्झांद्र येर्सें यांनीं शोधून काढला होता. परंतु तो एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत जातो कसा, हें १८९६ सालीं कोणासहि ठाऊक नव्हतें. कोणी घाणीस दोष देई, कोणी हवेस, कोणी धान्याच्या गोणींस. म्हणून शहरानें गटारें धुतलीं, भिंतींस चुना दिला, कौलें काढून अंधाऱ्या खोल्यांत ऊन आणलें, रोग्यांचे कपडे जाळले. १८९८ सालीं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनीं कराचीमध्यें प्रयोग करून उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरविते असें दाखविलें. तेंहि पुष्कळांनीं लगेच मानलें नाहीं. परळ येथें १९०५ नंतर झालेल्या संशोधनानें ती गोष्ट निर्विवाद ठरली. तोंवर माणसें आंधळेपणानेंच लढत होतीं. १८९७ च्या आरंभींच्या महिन्यांत मुंबईची सुमारें अर्धी वस्ती शहर सोडून गेली, आणि तिच्याबरोबर रोगहि गांवोगांव गेला. पुढील कांहीं दशकांत हिंदुस्थानांत या रोगानें एक कोटीहून अधिक माणसें मेलीं.

वर्गाच्या पहिल्या दिवशीं सभागृहाच्या जमिनीवर कोरें कापड पसरून मुलांनीं कोळसा, गेरू व चुना यांनीं एक गल्ली काढली. पुठ्ठ्याचीं दारें उभीं केलीं. मग चिठ्ठ्या निघाल्या: डॉक्टर, तपासणी करणारा अधिकारी, त्याचे दोन शिपाई, गिरणी-कामगार, धान्याचा व्यापारी, सफाई कामगार, धर्मगुरु, कबर खणणारा, आणि जिच्या मुलाच्या जांघेंत गांठ आली आहे अशी आई. एक मुलगा करड्या कागदाचा मुखवटा घालून उंदीर झाला. त्यानें कोणाशीं बोलावयाचें नव्हतें. घरोघर हिंडून ज्याच्या त्याच्या ओळखचिठ्ठीच्या मागें गेरूचा ठिपका ठेवावयाचा, एवढेंच त्याचें काम. बाईंनीं एकच कडक नियम घातला: त्या सालीं त्या माणसास जें ठाऊक नव्हतें, तें त्यानें बोलूं नये. पिसूचें नांव कोणीं घ्यावयाचें नाहीं. हा नियम मुलांस फार अवघड गेला. समोरून उंदीर जातो आहे, तो काय करतो हें दिसतें आहे, आणि तरीहि डॉक्टरानें भिंतीस चुनाच लावीत राहावयाचें!

येथें माझ्या हातून जी चूक झाली ती सांगितली पाहिजे. मुलांचा गोंधळ होऊं नये म्हणून मीं घरींच कांहीं संवाद लिहून आणले होते. त्यांत डॉक्टर शहाणा होता, अधिकारी कर्तव्यदक्ष होता, आणि रोगी लपविणारी आई अडाणी होती. शेवटीं तिला पश्चात्ताप व्हावा व तिनें मुलास रुग्णालयांत पाठवावें, अशी मीं योजना केली होती. चाळीस वर्षें शाळेंत शिकविल्यावर प्रत्येक गोष्टीस बोध जोडण्याची जी खोड लागते, तिचाच हा परिणाम.

आईची चिठ्ठी ज्या मुलीस आली तिनें माझा कागद वाचला व खालीं ठेवला. ती म्हणाली, "मास्तर, मला पश्चात्ताप कां होतो तें यांत लिहिलेलें नाहीं. माझा मुलगा तिकडे नेला तर तो परत येईल का?"

याचें खरें उत्तर मला द्यावें लागलें. पुष्कळदां तो परत येत नसे. लोक भीतीनें रोग्यास अगदीं शेवटच्या घटकेस नेत, म्हणून रुग्णालयांत मृत्यु फार होत. आणि मृत्यु फार होत म्हणून लोक भीत. ऑक्टोबर १८९६ मध्यें महापालिकेनें रोग्यांस सक्तीनें नेण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी-कामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. शहरांतून सफाई कामगारच निघून जातील कीं काय अशी अधिकाऱ्यांस धास्ती पडली. ते गेले असते तर मुंबई एका आठवड्यांत नरक झाली असती. तेव्हां तो हुकूम सैल करावा लागला. हें ऐकतांच सफाई कामगाराची भूमिका घेतलेला आमचा एक अबोल मुलगा ताठ बसला. आपल्या हातांत या शहराचा प्राण होता, हें त्यास तोंवर कोणीं सांगितलेंच नव्हतें.

मग मुलांनीं विचारलें, पुढें काय झालें? पुढें १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा तो कायदा. परंतु त्यानें सरकारास घरांत शिरण्याची, माणसें अलग करण्याची, आगगाडींतील उतारू तपासण्याची मोठी सत्ता मिळाली. पुण्यांत रँड साहेबांच्या प्लेग कमिटीनें घरझडतीसाठीं गोरे शिपाई लाविले. ते बुटांसह देवघरांत व स्वयंपाकघरांत शिरत, बायकांची तपासणी होई, सामान बाहेर फेंकलें जाई. रोग हटविण्याचा हेतु खरा असेल. परंतु लोकांस दिसला तो अपमान. २२ जून १८९७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक ज्युबिलीच्या रात्रीं, चापेकर बंधूंनीं रँड साहेबांवर गोळी झाडली. एर्स्ट नांवाचा दुसरा अधिकारी जागींच ठार झाला. रँड साहेब ३ जुलै रोजीं वारले. पुढें चापेकर बंधूंस फांशी झाली.

त्याच पुण्यांत, त्याच वर्षीं, सांथीच्या दारांत जाण्याची दुसरीहि एक रीत दिसली. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं गांवाबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना घातला होता. सावित्रीबाईंचें वय तेव्हां साठीच्या पलीकडे होतें. त्या स्वतः रोगी आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत पोंचविलें. त्या शुश्रूषेंत त्यांस रोग जडला व १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. दोन्ही ठिकाणीं रोगी घराबाहेरच नेला जात होता. फरक होता तो हा कीं, एकीकडे हुकूम येई व दुसरीकडे माणूस येई.

माझे संवाद बाईंनीं शांतपणें माझ्या पिशवींत परत ठेविले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं भूमिका उलट्या केल्या. आदल्या दिवशींचा अधिकारी आजारी मुलाची आजी झाला, आई झालेली मुलगी डॉक्टर झाली, आणि शिपायांपैकीं एक जण अधिकारी झाला. आदल्या दिवशीं हाच मुलगा पुठ्ठ्याचीं दारें लाथेनें पाडून फार खुश झाला होता. आतां तो दारापाशीं आला, थांबला, पायांतल्या चपला काढल्या आणि म्हणाला, "आजी, आंत येऊं का?" हें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. आजी म्हणाली, "येऊं नको." सारें सभागृह हसलें. तो मात्र दाराबाहेर कापडावरच बसला, व मुलास केव्हांपासून ताप आहे, घरांत आणखी कोण आहे, पाणी कोण आणतो, असें एकेक विचारूं लागला. बऱ्याच वेळानें आजीनें एक अट घातली: "मी बरोबर येईन, आणि आमच्यांतलें कोणी तेथें असलें पाहिजे."

ही अट त्या मुलानें स्वतःच्या मनानें घातली. परंतु इतिहासांतहि अगदीं असेंच घडलें होतें. मार्च १८९७ मध्यें मुंबईंत जनरल गॅटेकर यांची प्लेग कमिटी आली, तेव्हां झडत्या चालू राहिल्या, पण निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांस हाताशीं घेण्यांत आलें. त्या त्या समाजानें आपापलीं रुग्णालयें उघडलीं. तेथें आपली भाषा बोलणारें, आपलें अन्न देणारें, मेल्यावर आपल्या रीतीनें माती देणारें कोणी आहे असें दिसल्यावर रोगी लपविण्याचें प्रमाण कमी होऊं लागलें. तरीहि मार्च १८९८ मध्यें मुंबईंत पुन्हां दंगा झाला. विश्वास हा एकदां मिळवून पेटींत ठेवण्याचा जिन्नस नव्हे. पुढें सरकारनेंहि सक्ती हळूहळू सैल केली व लोकांच्या संमतीवर अधिक भर दिला.

मुलांस सर्वांत आवडलेली भूमिका डॉक्टर वाल्डेमार हाफकिन यांची. ओडेसा येथें जन्मलेले हे यहुदी शास्त्रज्ञ १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईंत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा खोलींत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील जे कैदी राजी झाले त्यांस ती देण्यांत आली. परळच्या ज्या संस्थेंत पुढें हें काम चालू राहिलें तिला १९२५ सालीं त्यांचें नांव मिळालें. लोकांस सुई टोंचण्यापूर्वीं ती स्वतःच्या दंडांत टोंचणारा माणूस पाहून एक मुलगी म्हणाली, "यानें पण आधीं चप्पल काढली." मीं पुष्कळ पुस्तकें वाचलीं आहेत, पण ही तुलना मला सुचली नसती.

धर्मगुरूची भूमिका करणाऱ्या मुलास पेंच पडला होता कीं, शेवटचे संस्कार देण्यासाठीं त्यानें रोग्याच्या खोलींत शिरावें कीं नाहीं. त्यास मीं दोन दाखले दिले. तरुणांचे आश्रयदाते संत अलॉयशियस गोन्झागा रोम येथें मरीच्या रोग्यांची सेवा करतांना आजारी पडले व २१ जून १५९१ रोजीं, अवघ्या तेविसाव्या वर्षीं, देवाघरीं गेले. मिलानचे महागुरु संत चार्ल्स बोरोमेओ यांनीं १५७६ च्या मरींत रोग्यांची सेवा तर केलीच. परंतु लोकांनीं दाटी करूं नये म्हणून चवाठ्यांवर वेदी उभारल्या, व घरांत अडकलेले लोक खिडक्यांतून मिस्सांत सामील होत. म्हणजे जवळ जाणें ही जशी प्रीति, तशीच योग्य वेळीं दूर ठेवणें हीहि प्रीतिच. मुलानें थोडा विचार केला, तोंडावर रुमाल बांधला, आणि तो आंत गेला.

दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस सर्वांनीं आपापल्या चिठ्ठ्या उलटून पाहिल्या. श्रीमंत व्यापारी, अधिकारी, डॉक्टर, सर्वांच्या चिठ्ठ्यांवर गेरूचे ठिपके होते. ज्या कुटुंबानें घर सोडून माळावर झोंपडी बांधली होती त्यांच्याच चिठ्ठ्या बहुतेक कोऱ्या राहिल्या, कारण उंदीर तेथवर गेलाच नव्हता. जुन्या माणसांच्या तोंडून रानांत मांडव घालून राहिल्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकतों, त्यांतील शहाणपण मुलांस तेव्हां कळलें.

तिसरा दिवस केवळ चित्रांचा होता. त्या दिवशींची एक गोष्ट सांगावी कीं नाहीं याचा मीं पुष्कळ विचार केला. तिच्या घरच्यांची परवानगी घेऊन सांगतों. कबर खणणाऱ्याची भूमिका एका मुलीनें दोन्ही दिवस मागून घेतली होती. तिनें काढलेलें चित्र १८९६ चें नव्हतें. एक कांचेचें बंद दार, बाहेर उभीं असलेलीं चार माणसें, आणि त्यांच्या हातांत एक जपमाळ, एवढेंच त्यांत होतें. २०२१ सालीं तिचे आजोबा एका रुग्णालयांत वारले, तेव्हां घरच्यांस त्यांचें मुखदर्शन घडलें नव्हतें. ती तेव्हां लहान होती. तिच्याशीं त्याविषयीं कोणी बोललेंच नाहीं, कारण घरांत कोणासच बोलवत नव्हतें. २०२० सालीं आपल्या राज्यांत जो कायदा लागू झाला तो १८९७ चाच होता, हें मीं आदल्या दिवशीं सांगितलें होतें. तेवढ्या धाग्यावरून ती मुलगी सव्वाशें वर्षें ओलांडून आपल्या आजोबांपाशीं पोंचली. बाईंनीं चित्राची स्तुति केली नाहीं, त्या तिच्या शेजारीं बसल्या व म्हणाल्या, "आजोबांचें सांग." ती सांगूं लागली, आणि हळूहळू इतर मुलेंहि आपापल्या घरचें सांगूं लागलीं. त्या दुपारीं आमच्या धर्मग्रामांतील अशा मरणांविषयीं मीं जें ऐकलें, तें त्यापूर्वीं कोणत्याहि सभेंत ऐकलें नव्हतें.

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळीं परमपूज्य पोप फ्रान्सिस यांनीं पावसांत, रिकाम्या चौकांत उभें राहून जगास आशीर्वाद दिला, तेव्हां त्यांच्यामागें जो क्रूस होता तो १५२२ च्या मरींत रोमच्या रस्त्यांतून मिरविलेला क्रूस होता. पांचशें वर्षांनीं तोच क्रूस पुन्हां बाहेर काढावा लागला. आपला कोपऱ्यावरचा क्रूस त्याच कुळांतला आहे, असें मीं मुलांस सांगितलें.

वर्ग संपल्यावर संध्याकाळीं मुलें आपण होऊन तेथें गेलीं. त्यांनीं चौथरा धुतला, शेवाळ खरडलें, आणि झिजलेल्या आंकड्यांवर पातळ कागद धरून कोळशानें हलक्या हातानें घासलें. कागदावर एक, आठ व नऊ हे आंकडे उमटले. चौथा उमटला नाहीं. कोणी म्हणालें सहा असेल, कोणी म्हणालें सात. शेवटीं त्यांनीं तो कागद तसाच, चौथी जागा मोकळी ठेवून, सभागृहांत लावला आहे. ज्या कुटुंबांत त्या काळचें कांहीं कागदपत्र, एखादें नांव किंवा आजीच्या तोंडची एखादी हकीकत राहिली असेल, त्यांनीं ती या मुलांस येऊन सांगावी, अशी माझी विनंती आहे. घरीं कोण गेलें, कोणीं लपविलें, कोणीं वाचविलें, यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. आणि त्या क्रूसापुढून जातांना, ज्यांस त्या वर्षीं वा त्यानंतरच्या वर्षांत एकट्यानें जावें लागलें, त्या सर्वांसाठीं एक आमच्या बापा म्हणावें.